ह्यांनी भरलेलं तेल

कल्याणी फाटा,
येळवसेच्या आधीचा सोमवार

प्रिय अक्का,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. तू जे विचारलं आहेस त्याला हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं, पण ते तेवढ्यात लिहून होत नाही असं माझ्या लक्षात आलं. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. दाजींना लगेच वाचून दाखवू नकोस. आधी एकटीनं वाच.

मी बरी आहे. सासूबाईही बऱ्या आहेत, गुडघा दुखतो तेवढाच. थंडी चांगली पडली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आली आहे, तुरीला शेंगा भरल्या आहेत आणि येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्ष अवसेच्या, पूजेसाठी शेताशेतांत कडब्याच्या खोपी घालायला सुरुवात झाली आहे. आम्ही अजून डब्यातच आहोत. तू एकदाच आमच्याकडे आली होतीस, तेव्हा डबा राजेश्वरजवळ उभा होता. लाकडी खोली, खाली चार लोखंडी चाकं आणि पुढं रोलरचं इंजिन बघून तू म्हणाली होतीस की चाकावरच्या घरात राहणाऱ्या बाईला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं. हे किती हसले होते तेव्हा. आता पत्त्याची अडचण नाही. हे गेल्यापासून इंजिन पेटलेलं नाही आणि डबा फाट्यावरच्या चिंचेखालून हललेला नाही. त्याच्या चाकांभोवती गवत वाढून वाळूनसुद्धा गेलं.

ह्यांच्या जागी नवा ड्रायव्हर बीदरहून यायचा आहे. संक्रांत झाली की येईल, असं तामिरातचे, म्हणजे रस्तेखात्याचे, साहेब सांगून गेले. तोवर डब्यात राहा म्हणाले. चांगुलपणानं म्हणाले, उगाच खोटं कशाला लिहू. पण डबा ड्रायव्हरचा असतो, आणि तो आला की त्याचं बिऱ्हाड इथं येणार. मग मी उदगीरला तुझ्याकडे यायचं, आणि सासूबाईंनी कोहिनूर गावी पुतण्याच्या घरी जायचं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. ह्यांना माती दिली तेव्हा सासूबाई तिथं काही दिवस राहिल्या होत्या. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, ताट वाढतात, बोलत नाहीत. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. मागणं त्यांना जमत नाही. भाकरीवर चटणी कमी पडली तरी मागणार नाहीत, कोरडी भाकरी खातील.

आता टाकीचं सांगते. तू म्हणशील, टाकीचं काय मध्येच. पण सगळं तिथंच आहे.

डब्याच्या मागच्या अंगाला, बाहेरून, एक लोखंडी टाकी बसवलेली आहे. ती ह्यांनीच कुठल्याशा मोडक्या लॉरीची आणून पट्ट्यांनी आवळून बसवली होती. वर झाकण, खाली तोटी. त्यात रॉकेल असतं. माझा स्टो आणि रस्त्यावर लावायचे लाल कंदील यांचं सगळं त्यावरच चालतं, कारण काम जिथं चालू असतं तिथून बाजार लांब असतो, आणि कंट्रोलच्या दुकानात रॉकेल येईल त्या दिवशी आपण तिथं असूच असं नाही. लग्न झालं त्या वर्षी हुमनाबादेच्या अलीकडे आमचं तेल अचानक संपलं होतं. पाऊस होता, सरपण ओलं होतं. आम्ही तिघांनी भिजवलेले हरभरे खाऊन दिवस काढला. तेव्हापासून ह्यांनी टाकीची फार काळजी घेतली.

इंजिनाला काच असते, अक्का. तिच्यात बॉयलरमधलं पाणी दिसतं. पाणी काचेत खाली गेलं आणि ड्रायव्हरचं लक्ष नसलं तर बॉयलर फुटतो, माणूस राहत नाही. त्यामुळे ह्यांचा एक डोळा सारखा त्या काचेवर असायचा. जेवताना, कुणाशी बोलताना, माझ्याशी बोलतानासुद्धा. मी एकदा रागावले होते त्यावरून. पण टाकीला काच नव्हती. म्हणून ह्यांनी मला वाकवलेल्या बोटाचा सांधा टाकीवर मारून बघायला शिकवलं. माझं बोट धरून तळापासून वर वर वाजवत नेलं. "इथं बद्द वाजतंय का? आता वर ये. इथं पोकळ झालं बघ. तिथवर तेल हाय." असं म्हणून तिथं खडूनं रेघ ओढली. पुढं थंडीत अजून एक दाखवलं. पहाटेचं दव टाकीवर बसतं ते ऊन आल्यावर वरून आधी वाळतं, तेलाच्या उंचीपर्यंत ओलं राहतं. डबा उतारावर असेल तर मात्र दोन्ही फसवतात. म्हणून नव्या जागी गेलं की आधी डब्यात परातीत पाणी ओतून बघायचं, आणि चाकाखाली दगड सारून डबा सरळ करून घ्यायचा. मग टाकी वाजवायची. हे माझं रोजचं काम झालं. पहाटे उठून तोंड धुतलं की टाकीला बोट लावायचं. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या गँगवरच्या बायका हसायच्या. रुद्रम्मा म्हणून एक थोराड बाई आहे, सगळ्यांची पुढारी, ती लांबूनच ओरडायची, "डागदरीणबाई टाकीची नाडी बघायली गं, पडजीभ बी बघा म्हणावं." हे ऐकून हसायचे आणि मलाच विचारायचे, काय, ताप आहे का टाकीला.

श्रावणात ह्यांनी टाकी तोंडापर्यंत भरली. पुढचं काम माळावरच्या तुकड्यावर होतं, तिथं जवळ गाव नाही, म्हणून भरली. दुसऱ्याच दिवशी अंगात कणकण आली. पुढचं तुला माहीत आहे. बीदरच्या दवाखान्यात ताप चढला की ह्यांना काचेचाच घोर लागायचा. "काच बघ, पाणी खाली गेलं," असं म्हणत राहायचे. मी म्हणायचे, बघितली, काच भरलेली आहे. मग जरा शांत पडायचे. शेवटी मी तेच सांगितलं होतं. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं.

परत डब्यात आलो तेव्हा टाकी जवळजवळ तशीच भरलेली होती. इंजिन बंद, कंदील बंद, फक्त आम्हा दोघींचा स्टो. मी पहाटे उठायचे आणि सवयीनं वाजवून बघायचे. मग तुझं पत्र आलं. त्यात उदगीरच्या त्या लोकांबद्दल होतं, डाळीची गिरणी, लहान मुलगी, विधवेशी उडकीचं लग्न करायला त्यांच्याकडून कुणाची हरकत नाही, सगळं. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी उडकीचं सांगितलं नाही, अक्का ये म्हणते आहे एवढंच सांगितलं. पण त्या समजल्या असाव्यात. हात थांबला, मग पुन्हा सोलायला लागल्या. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, ह्यांनी भरलेलं तेल आहे तोवर मी इथंच आहे, ते संपलं की बघू. मला तेव्हा काही ठरवता येत नव्हतं. तुझ्याकडे यावंसं वाटत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं. म्हणून मी ते तेलावर टाकलं. रोज वाजवायचं, आणि ते जेवढं सांगेल तेवढे दिवस राहायचं. त्या दिवसापासून मी सकाळी वाजवायचे तेव्हा सासूबाई आत अंथरुणात जाग्याच असायच्या. लाकडी भिंत आहे, आतून आवाज चांगला ऐकू येतो.

दसऱ्यापर्यंत रेघ खाली खाली येत गेली. मी नव्या रेघा ओढत होते. दिवाळीनंतर मात्र ती तोटीच्या जरा वर एका जागी थांबली. मी खाली वाजवलं तर बद्द, थोडं वर वाजवलं तरी बद्द, कालच्या रेघेपाशीच पोकळ. आधी वाटलं डबा एका बाजूला कलला असेल, इतके दिवस उभा आहे, चाक मातीत रुतलं असेल. परातीत पाणी ओतून पाहिलं. पाणी सरळ होतं. मग वाटलं, आपला स्टो कमी पेटतो आहे, दोघीच तर आहोत. पण मी रोज तोटीखाली डबी धरून स्टो भरत होते, आणि तेल जागचं हलत नव्हतं. मला भीती वाटायला लागली. तू हसशील, पण एका पहाटे मला खरंच वाटलं की ह्यांचंच काहीतरी आहे. ते मी कुणाला बोलले नाही.

मग माझा संशय भीमण्णावर गेला. भीमण्णा म्हणजे इंजिनाची राखण करणारा चौकीदार, पलीकडे झोपडीत असतो. ह्यांचा फार लाडका होता. विधवा बाईची दया येऊन हा आपल्या वाटणीचं तेल आणून ओततो आहे, असं माझ्या डोक्यात बसलं, आणि मला राग आला. कुणाची दया नको होती मला. शिवाय ते ह्यांचं तेल राहिलं नसतं. मी त्याला जरा तोडूनच विचारलं. तो म्हणाला, "वैनी, माझ्याच कंदिलात तेल न्हाई म्हणून मी अंधारात भाकर खायलोय. तुमच्या टाकीत कुठलं घालू?" मला शरम वाटली. त्याला पिठलं नेऊन दिलं.

हे चालू असताना एक गोष्ट माझ्या नजरेखालून जात होती. सासूबाई दुपारी, मी विहिरीवर गेले की, गँगच्या झोपड्यांकडे जाऊन यायच्या. मला वाटायचं गप्पांना जात असतील. पण त्या कधी कुणाकडे गप्पांना गेल्या आहेत? आणि संध्याकाळी त्यांच्या कोपऱ्यातली चिमणी त्या लावेनाशा झाल्या होत्या. डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणाल्या. मी खरं मानलं.

मागच्या आठवड्यात त्यांना जरा ताप होता, म्हणून लिंगपूजेचं पाणी मी भरून द्यायला गेले. त्यांचा तो पितळी तांब्या तुला आठवतो का, बारीक गळ्याचा, माहेराहून आणलेला. त्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. लिंगाला पाणी घातल्याशिवाय स्वतः घोटभर पीत नाहीत, आणि ते पाणी त्याच तांब्याचं. मी तो उचलला आणि मला वास आला. रॉकेलचा. राख लावून घासलेला होता, पण वास गेला नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी दुसऱ्या गडव्यात पाणी दिलं. त्यांनी तो गडवा बघितला आणि पूजेला घेतला. टाकीचं तोंड लहान आहे, अक्का. घरात तेवढ्या बारीक गळ्याचं दुसरं भांडं नाही.

मला ते तेव्हाच कळलं. रुद्रम्माकडे गेले, तिनं सांगितलं. म्हातारी झोपडीझोपडीतून फिरत होती, तांब्या पदराखाली धरून. थोडं थोडं तेल मागत होती. रुद्रम्मा म्हणाली की पहिल्या दिवशी दारात उभी राहून किती वेळ तोंडच उघडेना, शेवटी रुद्रम्मानंच विचारलं तेव्हा मागितलं. नेहमी थट्टा करणारी ही बाई, पण हे सांगताना थट्टा केली नाही. मग म्हणाली, आता आमच्याकडचं बी संपलंय, दुकानात येईना झालंय.

आणि परवा सकाळी स्टो पेटेना. काडी लावली, निळा जाळ जरा आला, तडतड तडतड वाजला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. वात बघितली, वात चांगली होती. बाहेर जाऊन टाकी वाजवली. कालच्यासारखंच बद्द, रेघेपर्यंत. दवही तिथवरच. मग तोटी सोडून खाली हात धरला. हातावर आलं ते थंड होतं, पातळ होतं, आणि त्याला वास नव्हता. पाणी होतं, अक्का. तोटी तळापासून दोन बोटं वर आहे, गाळ येऊ नये म्हणून ह्यांनी तशी बसवली होती, म्हणून इतके दिवस पाणी तिच्याखाली साठत राहिलं आणि मला समजलं नाही. आता वर चढलं तेव्हा आलं.

मी तोटी सोडून दिली आणि बघत उभी राहिले. पाणी मातीत जात होतं. शेवटी थोडं रॉकेल आलं, तेवढं डबीत धरलं. सासूबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या होत्या, शाल घेऊन. मी म्हटलं, "कामून केलात अत्ती?"

त्या ओल्या मातीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तेल पाण्यावर तरंगतंय, एवढं कळतंय मला. पर तू तर वाजवून बघतीस. वाजायला पाणी बी तसंच वाजतंय."

मी तोटी बंद केली. मग त्याच पुन्हा म्हणाल्या, "तू जाऊ नगस असं मी कधी म्हणलं न्हाई. जा. तुझं वय हाय. जरा उशीर व्हावा, एवढंच वाटलं मला."

एवढं बोलून त्या उठल्या आणि चुलीसाठी चिपाडं गोळा करायला गेल्या. ताप पुरता उतरलाही नव्हता. मी त्यांना थांबवलं नाही. मी तिथंच टाकीला टेकून उभी होते. दवाखान्यात ह्यांनी काच बघ म्हटलं तेव्हा मी न बघताच भरलेली आहे म्हणत होते, ते मला आठवत होतं. तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं.

तर अक्का, टाकी रिकामी झाली. ह्यांनी भरलेलं तेल संपलं, खरं म्हणजे कधीच संपलेलं असणार, आणि माझ्याच शब्दाप्रमाणे मला आता निघायला हवं. दाजी येळवस झाल्यावर गाडी घेऊन येणार आहेत असं तू लिहिलं आहेस. मी हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. दाजींना पाठवण्याआधी तू उदगीरच्या त्या घरी जा आणि त्यांना एकच गोष्ट विचार. मी आले तर माझ्याबरोबर माझ्या सासूबाई येतील. पहिल्या घरची सासू घेऊन दुसऱ्या घरी गेलेली बाई मी तरी ऐकलेली नाही, तूही ऐकली नसशील, आणि तुला हे तोंडातून काढायला किती जड जाईल ते मला कळतं. पण त्या घरात म्हातारं माणूस नाही, मुलगी लहान आहे, हे तूच लिहिलं होतंस. सासूबाई फार खात नाहीत आणि कुणाच्या बोलण्यात पडत नाहीत. त्यांना एक कोपरा आणि पूजेला एक तांब्या लागेल, तो मी नवा घेईन. ते हो म्हणाले तर मी येते, बाकी त्यांचं काही असेल ते मला मान्य आहे. नाही म्हणाले तर त्यांच्यावर राग धरू नकोस, आणि दाजींना पाठवू नकोस. मग संक्रांतीनंतर आम्ही दोघी रुद्रम्माच्या शेजारी झोपडी घालू. खडी फोडायला हात लागतातच, तिला मी विचारून ठेवलं आहे. सासूबाईंना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे. काल फाट्यावरच्या दुकानात रॉकेल आलं, रांगेत उभी राहून आमच्या वाटणीचं आणलं आणि टाकीत ओतलं. आज पहाटे मला जरा उशिरा जाग आली, तर बाहेर कुणीतरी हळूच टाकी वाजवत होतं, तळापासून वर, थांबत थांबत. मी उठले नाही. उत्तर लवकर लिही, अक्का. ते येईपर्यंत पुरेल एवढं तेल आहे. तेलच आहे. मी तोटीखाली हात धरून बघितलं आहे.

तुझीच,
चन्नम्मा